कपाटातलं केसर

चंचल दुपारी जेवायला घरी आली तेव्हा तिच्या सगळ्या साड्या पलंगावर ढिगानं पडल्या होत्या आणि तिचा नवरा धनेंद्र तिच्या कपाटाला भोक पाडत होता.

कपाट सागवानी होतं. तिच्या वडिलांनी, नंदलाल टेंभरेंनी, बोदलकशाजवळच्या आपल्या शेताच्या बांधावरचा साग रीतसर परवानगी काढून तोडला होता, अंगणात सुतार बसवून हे कपाट करवून घेतलं होतं आणि लग्नात ट्रॅक्टरवर घालून सडक अर्जुनीला पाठवलं होतं. त्याच्या पाठीत आता ड्रिल घुसलं होतं आणि लाकडाचा भुगा तिच्या लग्नातल्या शालूवर उडत होता.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"व्हेंटिलेशन," धनेंद्र म्हणाला. त्यानं मान वळवली नाही.

"कपड्यांले हवा कायले पाहिजे?"

"कपड्यांसाठी नाही ना. प्रोजेक्ट आहे."

'प्रोजेक्ट' हा शब्द चंचलच्या चांगला ओळखीचा होता. धनेंद्र नागपूरला शिकून मेकॅनिकल इंजिनियर झाला, बंगलोरला नोकरीला लागला आणि लग्नानंतर वर्षभरात 'नोटीस पिरियड' आहे असं सांगून घरी परतला. तो नोटीस पिरियड अजून संपला नव्हता. मधल्या काळात त्यानं कडकनाथ कोंबड्या पाळल्या, त्या मुंगसानं नेल्या. मग त्यानं पोवार समाजातली लग्नं जुळवणारं ॲप काढलं, त्यातून एकही लग्न जुळलं नाही, पण दोन घरांत भांडण मात्र लागलं. त्यानंतर थंड पाण्याच्या कॅनचा धंदा निघाला. त्याची फक्त पाटी तयार झाली. ती पाटी सध्या गोठ्यात गळक्या कौलाखाली उपयोगी पडत होती.

चंचल स्वतः बसस्टँडजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सकाळपासून लोकांचं रक्त काढायचं, लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, रिपोर्ट टाइप करायचे. या कामानं तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्याचा आणि त्याच्या बाटलीत जे निघतं त्याचा काही संबंध नसतो. सासरी आल्यावर तिला हे ज्ञान रोज कामी येत होतं.

तिनं साड्या उचलल्या, भुगा झटकला आणि जेवायला खाली गेली. विचारायची गरज नव्हती. धनेंद्रच्या पोटात गुपित राहत नसे. गुपिताला वाहवा मिळत नाही आणि वाहवेशिवाय त्याला करमत नसे.

संध्याकाळी त्यानं खोलीचं दार लावून तिला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात टोपी घातलेला एक गोरा माणूस कपाट उघडत होता. आत जांभळा उजेड होता आणि त्या उजेडात कुंड्या होत्या. कुंड्यांतली पानं चंचलनं लगेच ओळखली.

"हा गांजा होय," ती म्हणाली.

"कॅनाबिस," धनेंद्रनं तिची चूक सुधारली. "मेडिकल ग्रेड. बाहेरच्या देशांत कायदेशीर होऊन राहिलं आहे सगळं. पाच-दहा वर्षांत आपल्याकडंही होईल. तेव्हा टेक्नॉलॉजी कोणाकडं असेल? मेरे पास."

"गांजाच पाहिजे तर नाल्यापलीकडच्या मठीत तो बाबा बसते. त्याले मागा. चिलमीतला अर्धा देईल."

"तो कचरा असते. त्यात बिया असतात, काड्या असतात. तुले नाही समजत." त्यानं फोन पुसून खिशात ठेवला. "लॅबमध्ये काम करते आणि विचार असे."

"पोलीस आले तर?"

"कपाटात कोण पाहते?"

चंचलनं त्याच्याकडे नीट पाहिलं. गोरा, नीटस, दाढी कोरलेला, चष्म्यामागे चकाकणारे डोळे. या चेहऱ्याला तिच्या वडिलांनी होकार दिला होता, 'मुलगा इंजिनियर आहे' म्हणून. तिनंही दिला होता. ती ओरडली असती, सासऱ्यांना सांगितलं असतं, तर प्रकरण तिथंच थांबलं असतं. पण ओरडण्यासाठी समोरच्या माणसाकडून काहीतरी घडेल असा विश्वास लागतो. चंचलला खात्री होती की कोंबड्यांचं झालं तेच याचंही होणार. बी उगवणार नाही, उगवलं तर जगणार नाही. तिनं साड्यांची दोन गाठोडी बांधली आणि ती सासूच्या खोलीतल्या लोखंडी पेटीवर नेऊन ठेवली.

पुढं कपाटाचं काम रंगात आलं. आतल्या फळ्या धनेंद्रनं काढल्या. त्यातली एक फळी चिरली, ती त्यानं पलंगाखाली सरकवली. आतून सगळीकडे चमकता चंदेरी कागद चिकटवला. दारांच्या फटींना काळी टेप लावली. कुरियरनं एलईडीचं पॅनल आलं, ते त्यानं साखळ्यांनी वर टांगलं. पहिल्यांदा दार लावलं तेव्हा ते पॅनलला थडकलं आणि बंदच होईना. कारण पॅनल मापापेक्षा मोठं मागवलेलं होतं. इंजिनियर साहेबांनी कपाट सोडून बाकी सगळं मोजलं होतं. मग दाराची आतली पट्टी तासून काढली. जुन्या कॉम्प्युटरचे दोन पंखे पाठीमागच्या भोकांत बसले. वास बाहेर जाऊ नये म्हणून गाळणी हवी, असं व्हिडिओत सांगितलं होतं. त्यासाठी धनेंद्रनं इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला, कुटला आणि चंचलच्या नायलॉनच्या ओढणीची पिशवी शिवून तिच्यात भरला. बोटं आठवडाभर काळी राहिली. त्याच बोटांनी तो जेवताना तिला टेक्नॉलॉजी समजावून सांगे.

चंचलला सगळ्यात जास्त कीव यायची ती त्या दिव्याची. बाहेर एप्रिलचं ऊन असं तापत होतं की गच्चीवर टाकलेली मिरची दुपारी हातात घेतली तर खुळखुळ्यासारखी वाजायची. माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून सावली शोधत हिंडत होती. आणि या गावात एक माणूस खोलीचे पडदे ओढून, कपाटाची दारं लावून, आत पेटीभर ऊन विकत आणून टाकत होता. घरची धानाची शेती होती. रोवणीच्या दिवसांत हाच माणूस बांधावर छत्री धरून फोन पाहत उभा असायचा. चिखलात त्यानं कधी पाय घातला नव्हता. आता तो लॅबमधून मागून आणलेल्या सिरिंजनं कुंड्यांना थेंब थेंब पाणी घालत होता.

आणि बी उगवलं. चंचलचा अंदाज पहिल्यांदा चुकला.

घरच्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. धनेंद्रनं वडिलांना सांगितलं, केसर लावलं आहे. काश्मीरचं केसर आता बंद खोलीत, दिव्याखाली पिकवता येतं, हे कोणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवलेलं त्यांनी, म्हणजे भोजराज बिसेन यांनी, आधीच वाचलं होतं. भोजराज पंधरा वर्षांपूर्वी सरपंच होते आणि दारावरच्या पाटीत अजून होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. मुलगा नोकरी सोडून आल्यापासून समाजाच्या बैठकीत त्यांना घसा खाकरायची संधीच मिळत नव्हती. ती आता मिळाली.

"पोरगा संशोधन करून राहिला," ते चौकात सांगू लागले. "काश्मीर इथं आणून ठेवलं त्यानं. कपाटात."

त्यांनी ते कपाट एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. धनेंद्रनं सांगितलं होतं की बाहेरचा उजेड लागला तर पीक बिघडते. भोजराजना ते पटलं. त्यांना मुलाबद्दल चांगलं काहीही सांगितलं की पटत असे.

उन्हाळ्यात लाइट जायची. घरातले पंखे बंद पडायचे, पण इन्व्हर्टरची सगळी ताकद वरच्या कपाटाला दिलेली होती. खाली भोजराज बनियनवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत, सासू तुलसाबाई पदरानं मान पुसत आणि वर गांजाला पंख्याची हवा मिळत असे. "केसर नाजूक असते ना," भोजराज घामानं निथळत म्हणत. चंचल भाकरी थापता थापता त्यांच्याकडे पाही. अशा वेळी तिला या माणसाचा राग येत नसे. राग यायला माणूस थोडातरी मोठा वाटावा लागतो.

पडद्याच्या कडेनं जांभळा उजेड बाहेर दिसे. घर हायवेपासून लांब नव्हतं. अंधार पडला की खिडकी अशी दिसे की जाणाऱ्या ट्रकवाल्यांचा गैरसमज होऊ लागला. एका संध्याकाळी एक सरदारजी गाडी कडेला लावून दारात आला आणि त्यानं भोजराजना अदबीनं विचारलं, "बार ऊपर है, जी?" भोजराजनी त्याला कोयत्यासारखा धारदार आवाज काढून हाकललं. पण त्यांना तरी कळायला हवं होतं की केसराच्या शेतीकडं पाहून कोणाला दारूची आठवण होत नाही. धनेंद्रनं दुसऱ्या दिवशी खिडकीला पुठ्ठा ठोकला.

मग झाडांना फुलं आली आणि वास सुटला.

पहिल्यांदा तुलसाबाईंना वाटलं घूस मेली. त्यांनी धान्याच्या कोठ्या सरकवल्या, माळ्यावर चढून पाहिलं, नाल्या धुवून काढल्या. मग उद जाळला. धनेंद्र वर अगरबत्त्या लावू लागला, एका वेळी मूठभर. गांजा, उद आणि मोगरा अगरबत्ती असा वास घरात बसला. इस्त्रीच्या कोळशानं आणि नायलॉनच्या ओढणीनं काही म्हणजे काही अडवलं नाही.

"केसराचा असा वास येते का रे?" तुलसाबाईंनी मुलाला विचारलं.

"हे कच्चं आहे, आई. पिकलं की सुगंध येते."

"असंल बाबा," त्या म्हणाल्या आणि परत उद पेटवायला गेल्या.

चंचल सकाळी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून लॅबला जायची. तिला वाटायचं, आपल्या अंगाला वास नाही. तिचा हा भ्रम छोटेलालनं मोडला. छोटेलालचा हायवेवर ढाबा होता आणि साखर होती. दर महिन्याला तो रक्त द्यायला यायचा. त्या दिवशी त्यानं बाही वर केली, मूठ आवळली आणि चंचल वाकली तसं नाक वर करून दोनदा हुंगलं. मग त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरलं.

"मॅडमजी," तो आवाज खाली करून म्हणाला, "माल एक नंबर है. कहाँ से उठाती हो?"

बाकावर तीन पेशंट बसले होते. एकानं मान वळवून पाहिलं. सुई पहिल्याच वेळी नीट लागली होती, तरी तिनं ती काढली आणि दुसऱ्या हातात पुन्हा टोचली. छोटेलाल कळवळला. "नस सापडत नाही तुमची," ती म्हणाली.

घरी येऊन ती सरळ वर गेली. धनेंद्र कपाटासमोर स्टुलावर बसला होता. दार किलकिलं उघडं होतं, त्याच्या चष्म्यावर जांभळा उजेड पडला होता आणि तो एका पानाची कड दोन बोटांत धरून पाहत होता. इतक्या हलक्या हातानं त्यानं आजवर घरातल्या कोणत्याही वस्तूला हात लावला नव्हता, माणसाला तर नाहीच.

"रविवारपर्यंत कपाट खाली करा," चंचल म्हणाली.

"आता? फुलावर आहे ना!"

"मी काय सांगून राहिली, ऐकलं ना? लोक मले विचारून राहिले माल कुठून आणते म्हणून."

"कोणी विचारलं?" त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत चक्क उत्सुकता होती. "काय म्हणाला? चांगला वास आहे म्हणाला?"

चंचल म्हणाली, "एक नंबर म्हणाला."

धनेंद्रला इतका आनंद झाला की तिच्या बोलण्यातली धार त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. "बघ," तो म्हणाला. "मी सांगून राहिलो होतो."

रविवार यायच्या आधीच शुक्रवारी दुपारी भोजराज माणसं घेऊन आले. समाजाचे दोन पुढारी होते आणि त्यांच्यासोबत ईश्वरदास कटरे. ईश्वरदास पोलिसात जमादार होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते. जवळच्या गावात कोणाची तरी सोयरीक होती, ती आटोपून सगळे येत होते. जेवणं जड झाली होती आणि भोजराजचा घसा मोकळा होता.

चंचलची त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. तिनं चहा टाकला. वरून धनेंद्रचा आवाज आला, "बाबा, आता नका ना उघडू. लाइटची सायकल बिघडते."

"आपलेच लोक आहेत, बेटा," भोजराज जिना चढत म्हणाले. "यांनी नाही पाहायचं तर कोणी पाहायचं?"

चंचल ट्रे घेऊन मागोमाग वर गेली. तिला ते चुकवायचं नव्हतं. हे तिनं नंतर स्वतःशी कबूलही केलं. धनेंद्र कपाटाच्या दाराला पाठ लावून उभा होता. भोजराजनी त्याला मायेनं बाजूला सारलं आणि दोन्ही दारं एकदम उघडली.

सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर जांभळा उजेड सांडला. आत चार कुंड्या होत्या. झाडं कपाटाच्या निम्म्या उंचीपर्यंत वाढली होती, शेंडे चिकट आणि केसाळ झाले होते आणि तो वास खोलीत एखाद्या पाहुण्यासारखा येऊन उभा राहिला.

मग दोन पुढाऱ्यांपैकी जो जास्त शिकलेला समजला जाई तो पुढं वाकला, त्यानं डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "असली केसर असंच असते. उग्र. बाजारात मिळते ते भेसळीचं."

"काश्मीरला मी गेलो होतो ना," दुसरा म्हणाला. "अगदी हाच वास."

भोजराजनी घसा खाकरला.

"भाऊ," ईश्वरदास म्हणाले, "दार लावा."

"काऊन? पाहू द्या ना."

"हे केसर नोहोय. गांजा होय." ईश्वरदासांचा आवाज अगदी शांत होता. "मी नोकरीत याच्या गाड्या पकडल्या आहेत. इथं, हायवेवरच. दार लावा आधी."

दार कोणी लावलं नाही. शिकलेला पुढारी हळूच दोन पावलं मागे सरकला आणि आपलं नाक रुमालानं पुसू लागला, जणू नाकानंच त्याला फसवलं होतं. काश्मीरवाला जिन्याकडे पाहत होता.

"कोणाचं आहे हे?" ईश्वरदासांनी विचारलं. "खरं सांगा. लपवून फायदा नाही. यात लवकर जामीन होत नाही."

भोजराजनी मुलाकडे पाहिलं. धनेंद्रच्या ओठांवरचा रंग उडाला होता. त्यानं वडिलांकडे पाहिलं, ईश्वरदासांकडे पाहिलं, मग त्याची नजर ट्रे घेऊन उभ्या असलेल्या चंचलवर येऊन थांबली. त्या नजरेत तिला काही ओशाळेपण दिसलं नाही. वाट सापडलेल्या माणसाचा सुटकेचा भाव मात्र दिसला.

"कपाट चंचलचं आहे," धनेंद्र म्हणाला.



"तिच्या बापानं लग्नात दिलं," तो घाईघाईनं बोलू लागला. "किल्ली तिच्याकडेच असते. मी कशाला उघडू? लॅबमध्ये आहे ती, तिथं असं काही… औषधाचं वगैरे…"

आणि भोजराज, माजी सरपंच, ज्यांनी तिला लग्नात 'आजपासून माझी लेक' म्हणून नारळ दिला होता, त्यांनी ते उचलून धरायला दमसुद्धा घेतला नाही. "होय ना," ते म्हणाले. "लॅबमधलंच असंल काही. बाई, बेटा, तू सांग ना, औषधाच्या तपासणीसाठी ठेवलं म्हणून. बाईमाणसाले कोणी काही करत नाही. सोडून देतात. पोराची जिंदगी बरबाद होईल, त्याले नोकरी नाही मिळणार."

त्याला तशीही कोणी नोकरी देत नव्हतं. ही गोष्ट खोलीतल्या कुठल्याही पुरुषाच्या ध्यानात आली नाही.

चंचलनं ट्रे पलंगावर ठेवला. तिच्या मनात त्या वेळी काय होतं असं तिला नंतर आईनं विचारलं तेव्हा तिला सांगता आलं नाही. दुःख नव्हतं. रागही म्हणावा तसा नव्हता. उघड्यावर पडलेली घाण पायाला लागू नये म्हणून बाई जशी साडी उचलून धरते, तसं काहीतरी होतं. ती कपाटाजवळ गेली, पॅनलची वायर ओढून काढली. उजेड गेला. तिनं पहिली कुंडी उचलली आणि ती धनेंद्रच्या हातात दिली. त्यानं सवयीनं दोन्ही हातांनी सांभाळून धरली, खालच्या पानाला धक्का लागू नये म्हणून कोपर आत घेतलं.

"पाहा, कसं धरून राहिला तो," चंचल ईश्वरदासांना म्हणाली. "कोणाचं आहे ते विचारावं लागते का, काका?"

ईश्वरदासांनी मान खाली घातली. धनेंद्रनं कुंडी टाकून द्यायला हवी होती. त्यानं ती टाकली नाही.

"कपाट माझंच आहे," चंचल म्हणाली. "तेवढं खरं बोललास तू."

तिनं नवऱ्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं, भांडतानासुद्धा नाही. कुंड्यांपेक्षा त्या शब्दानं भोजराज जास्त हादरले. "बाई, मोठ्या माणसांसमोर—" ते म्हणू लागले.

"कोण मोठं आहे इथं, मामाजी?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता खाली उतरून वडिलांना फोन लावला. पिकअप घेऊन या म्हणाली. कारण विचारलं तेव्हा, आल्यावर सांगते म्हणाली.

मधल्या वेळात वर काय ठरलं ते तिला आवाजांवरून कळत होतं. पोलिसात कोणी गेलं नाही. पुढारी आधीच निघून गेले होते, चहा न पिता. ईश्वरदासांनी सगळं मुळासकट उपटून शेणखताच्या खड्ड्यात गाडायला सांगितलं आणि ते होईपर्यंत ते गोठ्याच्या दारात पाठमोरे उभे राहिले. "मी काही पाहिलं नाही," असं ते दोन-तीनदा म्हणाले. आयुष्यभर सरकारी वर्दी घातलेल्या माणसाची हिंमत तेवढीच उरली होती. भोजराजनी धोतराचा काचा मारला आणि भर उन्हात, शेणात कोपरापर्यंत हात घालून, ते काश्मीर स्वतःच्या हातांनी पुरलं. धनेंद्र जवळ उभा राहून रडत होता. झाडं गाडताना त्याला रडू आलं. बायकोचं नाव घेताना आलं नव्हतं.

तुलसाबाई चंचलची गाठोडी बांधायला बसल्या. त्यांनी एकदाही 'जाऊ नको' म्हटलं नाही. बराच वेळ त्या साड्यांच्या घड्या घालत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं नाव घेतलं असतं त्यानं तर मी हो म्हटलं असतं."

"म्हणूनच तर तो असा आहे, आत्याबाई," चंचल म्हणाली.

तुलसाबाईंनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं की पटलं, ते कळलं नाही.

नंदलाल टेंभरे पिकअप घेऊन आले. कपाट दोरांनी बांधलं, चंचल पुढं वडिलांजवळ बसली. गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"वाटलं, वाळून जाईल. त्याचं सगळंच वाळून जाते."

नंदलालनी गिअर बदलला. इंजिनियर जावई त्यांनी स्वतः शोधला होता. त्यामुळे पुढं काही विचारायचं त्यांना सुचलं नाही.

चंचलनं तिरोड्याच्या एका लॅबमध्ये काम धरलं. पाऊस लागून रोवण्या आटोपल्या तेव्हा धनेंद्र तिला न्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. आईनं चहा दिला. तो खाली मान घालून बसला, 'माझी चूक झाली' असं म्हणाला, आणि ते इतकं बरं म्हणाला की चंचलच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आई आत गेली तसा तो पुढं झुकला.

"खरं सांगू? फिल्टरमध्ये गडबड झाली," तो म्हणाला. "साधा कोळसा नाही चालत. दुसरा लागते. वास थांबला असता तर काहीच झालं नसतं."

चंचलनं त्याची रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"आणि ते पॅनल," तो म्हणाला, "कपाटासोबत इकडं आलं ना? आहे का चालू?"

ती उठली, आतून पॅनल आणलं, साखळ्यांसकट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि मिठाईचा डबा त्यावर ठेवला. त्यानं पॅनल उलटंपालटं करून पाहिलं, एक काच निखळली होती ती अंगठ्यानं दाबली. मग त्याला आठवलं की आपण बायकोला न्यायला आलो आहोत. "तू येतेस ना?" त्यानं विचारलं.

"नाही," चंचल म्हणाली.

तो पॅनल काखोटीला मारून बसस्टँडकडे गेला.

त्यानंतर काही दिवसांनी लॅबमध्ये असताना तिला भोजराजचा फोन आला. आधी घसा खाकरला, मग तब्येत विचारली, आईबापांची विचारली. समाजाचं संमेलन जवळ आलं होतं.

"बाई, कोणी विचारलं तर केसरच होतं म्हण," ते म्हणाले. "बुरशी लागली म्हण. गेलं पीक. शेतीत होते असं."

"मले कोणी विचारत नाही, मामाजी," चंचल म्हणाली. "तुमच्या गावातून इथवर गोष्ट येऊन पोहोचली आहे. सुनेनं लॅबमधून आणून गांजा लावला, पोरगा बिचारा फसला. छोटेलालच्या ढाब्यावर तेच सांगून राहिले सगळे."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. चंचलला वाटलं फोन कटला. एवढ्या मोठ्या शांततेतून निदान एक शरमेचा शब्द बाहेर पडेल, असंही तिला एक क्षण वाटून गेलं.

"मग राहू दे ना तसंच, बेटा," भोजराज म्हणाले. "तू तर आता इथं नाहीस."

चंचलनं फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि सकाळच्या गाडीनं गोंदियाला वकिलाकडे गेली.